होणाऱ्या जावयाचं विशेषण

लग्नाच्या बाबतीत चौकशी कशाला म्हणतात हे ज्याला शिकायचं असेल, त्याने कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या रुद्राप्पा हत्तरकींच्या दुकानात जाऊन बसावं. खिळे, नळ, कुलपं आणि बिजागऱ्या हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. नाव मात्र चौकशीत. समाजात कुणाच्याही मुलीचं कुठंही जमत आलं, की तिचा बाप आधी रुद्राप्पांच्या काउंटरसमोर येऊन उभा राहायचा. रुद्राप्पा पत्ता लिहून घ्यायचे, एसटी पकडायचे आणि परत येऊन निकाल द्यायचे. या निकालावर अपील नसायचं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मुलगा घरात बघू नये, गल्लीत बघावा. विचारायचं ते तिघांना: घरमालक, किराणा दुकानदार आणि समोरचा चहावाला. आणि तिघांकडूनही एकच शब्द घ्यायचा. "जास्त बोलू दिलं की माणूस मध्ये खोटं घुसवतोय," असं ते म्हणायचे. "एका शब्दात खोटं मावत न्हाय." एकदा कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याच्या मुलाबद्दल समोरच्या चहावाल्याने 'दिलदार' असा शब्द दिला. मुलीकडचे खूश झाले. रुद्राप्पांनी तिथल्या तिथं स्थळ मोडलं. चहावाला ज्याला दिलदार म्हणतो तो दिवसभर टपरीवर असतो, मग कारखान्यात कोण असतो, हा त्यांचा सवाल होता. पुढं तो कारखाना खरंच विकला गेला आणि रुद्राप्पांचा शब्द समाजात दगडावरची रेघ झाला.

या कीर्तीचा एक तोटा असा, की माणूस सभेत बोलायला लागतो. समाजाच्या वधू-वर मेळाव्यात रुद्राप्पांनी माईक हातात घेऊन सांगितलं होतं, "लव्ह मॅरेज कुठल्या घरात हुतं? ज्या घरात बाप चौकशी करत न्हाय त्या घरात." टाळ्या पडल्या होत्या. त्यांची मुलगी सौंदर्या पुढच्याच रांगेत बसली होती, आणि तिनेही वाजवल्या होत्या.

ही सौंदर्या एका सीएच्या ऑफिसात कामाला होती. हसायला लागली तर राजारामपुरीतल्या घरातून पुढच्या गल्लीत ऐकू जायचं. आलेली स्थळं तिने एकामागून एक परत पाठवली. एक मुलगा बशीतून चहा पिताना आवाज करतो म्हणून, एक अजिबातच आवाज करत नाही म्हणून. मग अमरेश कडगावेचं स्थळ आलं. घर गडहिंग्लजकडचं, मुलगा स्पेनमध्ये वॅलेन्सिया नावाच्या गावात, टाइल्सवर नक्षी छापणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत. दिवाळीत तो सुट्टीवर आला, पोहे झाले, आणि बशा उचलायच्या आत सौंदर्या म्हणाली, "मला चालतोय."

रुद्राप्पांना आनंद झाला. पारख पोरीच्या रक्तात उतरली, असं त्यांना वाटलं. त्या भरात ते सगळ्यांसमोर बोलून गेले, "चौकशीत वावगं काय निघालं न्हाय, तर मी न्हाय म्हणणार न्हाय. शब्द दिला तुला."

शब्द दिला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चौकशीला वॅलेन्सियाला एसटी जात नाही.

इथून त्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. दुकानात बोल्ट मागणाऱ्याला ते नट द्यायला लागले. परक्या मुलींच्या बाबतीत आपण गल्ली पालथी घातली आणि पोटच्या पोरीला न बघितलेल्या गल्लीत ढकलायचं, हे त्यांना गिळवेना. कडगावेंना अधूनमधून फोन यायचा, "पावणं, काय ठरलं?" आणि रुद्राप्पा म्हणायचे, "चौकशी चालू हाय." ती कुठं चालू आहे हे मात्र त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी अमरेशच्या वडिलांकडून त्याच्या घरमालकिणीचा नंबर काढला, अडीअडचणीला असावा म्हणून. बाईंचं नाव आंपारो. रुद्राप्पांच्या पत्नी दानम्मांनी ते ऐकल्या क्षणी 'अंपारक्का' करून टाकलं आणि आपल्यातलीच कुणीतरी असल्यासारखं जिवाला बरं वाटलं म्हणाल्या. रुद्राप्पांनी मोबाइलकडून प्रश्नाचं स्पॅनिश करून घेतलं आणि पाठवलं: अमरेश कसा मुलगा आहे, कृपया एका शब्दात सांगा.

उत्तर लगेच आलं. बाईंचा खणखणीत आवाज होता आणि खरोखर एकच शब्द होता. "सेरिओ."

जगातल्या कुठल्याही चहावाल्याने इतक्या शिस्तीत उत्तर दिलं नव्हतं. रुद्राप्पांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. दानम्मांनी ऐकलं. सौंदर्याने स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं आणि ती भाकरी थापायला आत गेली.

"म्हंजे काय व्हय?" दानम्मांनी विचारलं.

आता स्पॅनिशचं थेट मराठी करणारा माणूस गल्लीत नव्हता. पण चंदगडला जायचं तर गडहिंग्लजला गाडी बदलावी, तसं आधी इंग्रजीत उतरावं आणि तिथून मराठीची गाडी धरावी, असा रुद्राप्पांनी हिशेब केला. मोबाइलने इंग्रजी दिलं: सिरियस. दानम्मांनी कपाळाला हात लावला. सिरियस म्हटल्यावर त्यांना सीपीआर हॉस्पिटलचा वॉर्ड आणि बाहेरच्या बाकावरचे नातेवाईक याशिवाय काही दिसत नव्हतं. "त्येवढा न्हवं गं," असं म्हणून रुद्राप्पा मोबाइल घेऊन शेजारी गेले.

शेजारी विजयसिंह इंगवले राहायचे. एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांना कुणीही इंग्रजीतलं काहीही विचारलं नव्हतं. मोबाइलच्या बिलातली एखादी ओळसुद्धा नाही. त्यामुळे रुद्राप्पांनी शब्द सांगताच सरांनी अंगात सदरा घातला, चष्मा पुसला आणि मांडीवर मावणार नाही असा शब्दकोश मांडीवर घेतला.

"मोबाइलचं ऐकू नका, हत्तरकी. सिरियस हे शाळकरी भाषांतर आहे. संदर्भ द्या."

"संदर्भ म्हंजे?"

"बाई हे बोलली तेव्हा तिचा चेहरा कसा होता?"

"नुसता आवाज आलाय, सर."

"मग अवघड आहे," असं म्हणत सरांनी कागदावर चार शब्द काढले. ग्रेव्ह, सॉलम, स्टर्न आणि सोबर. पहिल्याचा अर्थ त्यांनी गंभीर सांगितला, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे थडगं हाही सांगितला. दुसरा म्हणजे देवळात तोंड करतो तसा. तिसरा म्हणजे हेडमास्तर. चौथा त्यांच्या विशेष आवडीचा होता. सोबर म्हणजे शांत, संयमी, भडकपणा नसलेला. "शिवाय न प्यायलेला," असं त्यांनी सहज पुढं जोडलं.

हे सहज जोडलेलं दानम्मांपर्यंत पोचलं. हत्तरकींच्या घरात दारूचं नाव खोकल्याच्या औषधापुरतंच निघायचं. दानम्मा म्हणाल्या, "न प्यायलेला असं अंपारक्कांनी मुद्दाम का सांगावं? रोज न पिणाऱ्याला कोण असं सांगतंय? एखाद्या दिवशी प्याला नसंल म्हणूनच सांगितलं असणार." या तर्कात कुठं चूक आहे ते रुद्राप्पांना सापडेना, कारण तर्काची पद्धत त्यांचीच होती.

तेवढ्यात शिरोळहून आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे रुद्राप्पांची थोरली बहीण, त्यांना अजून कानडीत 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणारी. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे विचारायचं नसतं. "तम्मा, पोरगं गंभीर हाय म्हणं," त्या म्हणाल्या. "तुझं दाजी पण गंभीर हुतं. आपल्या अप्पांनी चौकशी केली, तर गावानं सांगितलं, मुलगा लई गंभीर. अप्पांनी डोळं झाकून मला दिली. सगळ्या संसारात तो माणूस एकदाच हसला, म्हापुरात शेजाऱ्याची मोटर वाहून गेली तवा. हसणाऱ्या पोरीला असा नवरा म्हंजे जन्माचा उपास, सांगून ठेवतो."

हे मात्र रुद्राप्पांच्या वर्मी लागलं. पोरगी हसते हाच त्या घरातला खरा ऐवज होता. आणि गेले काही दिवस ती हसत नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. गंभीरपणा लांबूनसुद्धा लागतो की काय, असं त्यांना वाटून गेलं. रुद्राप्पांना भीती वाटली. बारा गावच्या पोरींचं भलं करून आपलीच बुडवतोय की काय, अशी साधी सरळ भीती.

मग मुलगा किती गंभीर आहे हे तपासायचं ठरलं. रुद्राप्पांनी अमरेशला व्हिडिओ कॉल लावला आणि दुकानात हमखास हसू पिकवणारा एक किस्सा त्याला ऐकवला. एका गिऱ्हाइकाने कुलूप घेतलं आणि किल्ली हरवेल म्हणून ती घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावलं, असा तो किस्सा होता. होणारा सासरा तपासायला बसलाय हे त्या मुलाला बरोबर कळलं होतं. त्याने पाठ ताठ करून सगळं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर आहे, काका."

रुद्राप्पांनी फोन ठेवला. "ग्रेव्हच दिसतोय," विजयसिंह सर खिडकीपलीकडून म्हणाले.

आता खासगी मतं पुरेत, सरकारी शिक्क्याचं भाषांतर पाहिजे, असा आदेश शिरोळहून सुटला. कोर्टाच्या रस्त्याला 'सर्व परकीय भाषांचे प्रमाणित भाषांतर, झेरॉक्स व पासपोर्ट फोटो' अशी पाटी होती. रुद्राप्पा तिथं गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी मूळ कागद मागितला.

"कागद न्हाय, तोंडी हाय," असं म्हणून रुद्राप्पांनी मोबाइल पुढं केला. खोलीत अंपारक्कांचा आवाज घुमला. झेरॉक्सच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"आवाजाला शिक्का मारता येत नाही. लेखी आणा."

रुद्राप्पांनी तिथंच कागद घेऊन शब्द लिहिला. गृहस्थांनी तो उलटसुलट बघितला. "हे देवनागरी आहे. मूळ लिपीत पाहिजे." रुद्राप्पांनी रांगेतल्या एका मुलीकडून इंग्रजी अक्षरांत लिहून घेतला. गृहस्थांनी रजिस्टर उघडलं. "अर्जदाराचा या शब्दाशी संबंध?"

"होणाऱ्या जावयाचं विशेषण हाय."

"होणाऱ्या म्हणजे अजून झालेले नाहीत. म्हणजे तुम्ही त्रयस्थ. त्रयस्थाला दुसऱ्याच्या विशेषणाची प्रत देता येत नाही. ज्यांचं विशेषण आहे त्यांचं संमतिपत्र आणा, आणि विशेषण देणाऱ्या बाईंचं ओळखपत्र."

"अवो, लग्न ठरवायला तर अर्थ पायजे."

"मग आधी लग्न करा, नातं दाखवा आणि या. लगेच करून देतो," गृहस्थ मनापासून म्हणाले.

रुद्राप्पा बाहेर आले. ज्या माणसाच्या एका शब्दावर समाजातली लग्नं ठरायची आणि मोडायची, त्याला आज एका शब्दासाठी झेरॉक्सच्या रांगेने बाजूला सरकवलं होतं. घरी जाईपर्यंत त्यांचे कान गरम होते.

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. पण अपमान झालेला माणूस थांबत नाही. घरमालकाच्या साक्षीचा घोळ झाला, तर पद्धतीप्रमाणे दुसरा साक्षीदार किराणा दुकानदार. रुद्राप्पांनी मोबाइलवर नकाशा काढला, अमरेशच्या रस्त्यावरचं सगळ्यात जवळचं दुकान शोधलं आणि मोबाइलकडून स्पॅनिश करून संदेश धाडला. अमरेश कडगावे, अमुक रस्ता, अमुक घर. हा मुलगा तुमच्याकडून काय नेतो, किती नेतो, वेळेवर देतो का, ते कळवा. मोबाइलने त्याचं काय केलं ते शिवाला ठाऊक. तिकडून मोठ्या अदबीचं उत्तर आलं, त्यातलं एक अक्षर रुद्राप्पांना कळलं नाही, आणि त्यांनी सभ्यपणे एक अंगठा पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी कडगावेंचा फोन आला. "पावणं, चौकशी करा, आमची ना न्हाय. पण संत्री कशाला?"

"कसली संत्री?"

वॅलेन्सियात अंपारक्कांच्या दारात संत्र्यांच्या पेट्या येऊन पडल्या होत्या, जिन्यापर्यंत. नाव अमरेशचं, ऑर्डर कोल्हापूरची. अमरेश कामावर होता. अंपारक्कांनी त्या एकट्यांनीच घरात ओढून घेतल्या आणि कंबर धरून बसल्या. कडगावे म्हणाले, "त्या बाई म्हणत्यात, ही माणसं कोण हायत ते मला बघायचं हाय. समोरासमोर बोलू देत. पोरगं तर जेवंना झालंय. आणि पावणं, खरं सांगू का, आमच्या घरातली पण आता कंटाळली. रविवारी त्या बाईंशी बोला आणि व्हय का न्हाय ते सांगून टाका. न्हायतर आम्ही दुसरीकडं बघतो."

म्हणजे आता रविवारी एकतर सुपारी फुटणार होती नाहीतर स्थळ. रुद्राप्पांनी दुभाषी शोधला. अकराव्या गल्लीत निशिगंधा नावाची मुलगी घरातून स्पॅनिशचे वर्ग घेते असं त्यांना कळलं. इतक्या जवळ स्पॅनिश असताना आपण कोर्टाचा रस्ता तुडवला याचं त्यांना वाईट वाटलं. तिला बोलावलंय असं त्यांनी घरात सांगितलं, तेव्हा सौंदर्याच्या हातून ताक सांडलं.

"तिला कशाला, अप्पा? मोबाइल हाय की."

"मोबाइलनं संत्री पाठवली," रुद्राप्पा म्हणाले, आणि सौंदर्याने ताक पुसायला फडकं घेतलं.

रविवारी बैठकीच्या खोलीत सगळे जमले. रुद्राप्पा धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. दानम्मा इरकल नेसून, कारण अंपारक्कांना दिसणार होतं. विजयसिंह सर शब्दकोशासकट. आक्का शिरोळहून पहिल्या गाडीने आलेल्या. निशिगंधा आली, सौंदर्याकडे तिने एकदा बघितलं आणि मग सगळा वेळ ती टेबलावरच्या फुलदाणीकडे बघत राहिली. सौंदर्या सगळ्यांच्या मागं, दाराला टेकून उभी होती. रुद्राप्पांनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि कॉल लावला.

पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. संत्रं सोलत होत्या. चौकशीला बसताना अंगावर कसा मुद्दाम करडेपणा आणायचा असतो तो रुद्राप्पांनी आणला, घसा साफ केला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, दानम्मांकडे बघितलं, मग मान वाकडी करून मागं बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ओला, सौंदर्या," असा तिकडचा नमस्कार करून त्या पुढं भडाभडा बोलत सुटल्या.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"काय म्हंत्यात?" रुद्राप्पांनी विचारलं.

निशिगंधा फुलदाणीला म्हणाली, "त्या म्हणतायत, अशी मागं का उभी आहेस. केस इतके चापून का बसवलेस. आणि आज हसत का नाहीस, तुझा आवाज ऐकला की माझी मांजर पळून जाते."

"हिला कशा ओळखत्यात त्या?" आक्कांनी सरळ विचारलं. आक्कांना आडपडदा ठाऊक नव्हता.

मग जे निघायचं ते निघालं. मागल्या वर्षी गडहिंग्लजला एका लग्नात सौंदर्या आणि अमरेश भेटले होते. तेव्हापासून बोलत होते. स्थळ मध्यस्थांमार्फत आलं, पण मध्यस्थांना ते सुचवलं होतं या दोघांनीच. अंपारक्का तर वर्षभर तिला व्हिडिओवर बघत होत्या. तिकडे जाऊन मुकं बसायला नको म्हणून सौंदर्या निशिगंधाकडे स्पॅनिश शिकत होती. घरी मात्र तिने केकचा क्लास म्हणून सांगितलं होतं, आणि वर्षभरात घरात एकही केक आला नाही हे दानम्मांना आत्ता आठवलं.

म्हणजे ज्या शब्दासाठी रुद्राप्पांनी सरांचा शब्दकोश झिजवला, कोर्टाच्या रस्त्याला शोभा करून घेतली, परदेशात संत्री वाटली, त्या शब्दाचा अर्थ भाकरी थापत त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा होता. कुणी तिला विचारलंच नव्हतं.

"दिव्याखाली अंधार, तम्मा," आक्का म्हणाल्या.

रुद्राप्पा उठले. माईकवरून बोललेलं आपलं वाक्य त्यांना ऐकू येत होतं, टाळ्यांसकट. पुढच्या मेळाव्याला आपण कुठल्या तोंडाने जायचं, काउंटरसमोर उभा राहिलेला बाप आता आपल्याकडे बघून काय म्हणेल, हे सगळं एकदम डोक्यात आलं. त्यांना राग आला होता आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. "हे स्थळ," असं म्हणून ते थांबले. पुढचं म्हणायला तोंड उघडलं होतं.

पडद्यावरच्या बाईंना भाषा कळत नव्हती, पण संत्रं सोलायचं त्यांनी थांबवलं होतं. त्यांनी सौंदर्याला काहीतरी विचारलं. आणि सौंदर्याने त्याच भाषेत, न अडखळता, उत्तर दिलं. तिच्या तोंडून असले आवाज घरात पहिल्यांदाच येत होते. दानम्मा घाबरून आणि कौतुकाने, अशा दोन्ही नजरांनी तिच्याकडे बघत राहिल्या. बोलण्यात मध्ये तो शब्द आला. रुद्राप्पांनी तो बरोबर पकडला. तेवढा एक त्यांना येत होता.

"पुन्हा अमरेशचंच चाललंय?" त्यांनी विचारलं.

"अमरेशचं न्हवं," सौंदर्या म्हणाली. "त्या विचारत्यात, हेच का तुझं अप्पा. मी त्यास्नी तुमच्याबद्दल आधीच सांगितलंतं. त्यांनी विचारलं हुतं, तुझा बाप कसा हाय, ह्या लग्नाला तयार हुईल का. मी म्हटलंतं, सेरिओ."

"मला?" रुद्राप्पा म्हणाले.

"एक विशेषण दोन नामांना लागू शकतं," विजयसिंह सरांनी हळूच सांगितलं.

"तोंड पाडून बसतो तो सेरिओ न्हवं, अप्पा. तिकडं बाजारात पण म्हणत्यात तसं, ह्यो दुकानदार सेरिओ हाय. म्हंजे बोलला की बोलला. मागं फिरत न्हाय. अमरेश तसा हाय म्हणून त्या तसं म्हणाल्या. तुम्ही तसं हायसा म्हणून मी म्हटलं." तिने डोळे पुसले. "लपवलं ती माझी चूक. घाबरलो हुतो. पण तुम्ही शब्द दिलाता, चौकशीत वावगं निघालं न्हाय तर न्हाय म्हणणार न्हाय म्हणून. त्याच्यावर बसलो हुतो इतकं दिवस. निघालं का काय वावगं त्याचं?"

सर भराभर पानं उलटत होते. "सापडलं. रिलायेबल. डिपेंडेबल. पार खाली दिलंय हो, सगळ्यात शेवटी," असं म्हणून त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

रुद्राप्पा उभेच होते. चौकशी करणारा माणूस म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. घरमालकीण चांगलं बोलली होती. मुलाबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. वावगं निघालं होतं ते आपल्या घरातलं, आणि त्याची अट त्यांनी घातलीच नव्हती. इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या मुलांबद्दल एकेक शब्द गोळा केला होता. आपल्याबद्दल कुणी असा शब्द दिला असेल, आणि तोही या पोरीने, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते खाली बसले.

अंपारक्का मोबाइलच्या अगदी जवळ आल्या होत्या. नुसता चष्मा दिसत होता. त्यांनी एक छोटा प्रश्न विचारला.

"काय ठरलं म्हणून विचारतायत," निशिगंधा म्हणाली.

"सांग त्यास्नी," रुद्राप्पा सौंदर्याला म्हणाले.

"काय सांगू, अप्पा?"

"मला काय विचारतीस? तुझं तू सांग की."

सौंदर्या पुढं आली, बापाशेजारी टेकली आणि बोलायला लागली. ती बराच वेळ बोलली. मध्येच तिकडे अंपारक्कांनी संत्र्याच्या हातानेच डोळे पुसले आणि झोंबलं म्हणून ओरडल्या, आणि इकडे सौंदर्या हसली. पुढच्या गल्लीत ऐकू जाईल इतकी हसली, आणि हसताहसता रुद्राप्पांचा हात धरून पुन्हा काहीतरी म्हणाली. निशिगंधा तोंड उघडून मराठी करायला सरसावली. दानम्मांनी नवऱ्याला कोपर मारलं. "काय म्हंतीया ती? विचारा की."

रुद्राप्पांनी निशिगंधाला हाताने थांबवलं. पोरगी काय म्हणाली ते त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढंही कुणाला विचारलं नाही.